सहीखालच्या दोन रेघा

भाऊ, मुंबईहून फोन आला होता, सभागृहाच्या कचेरीतून. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी दिवंगत सदस्यांचा शोकप्रस्ताव मांडतात, त्यात यंदा तुमचं नाव आहे. बोलणारी मुलगी तिशीच्या आतली असावी. तुमचं नाव तिनं कागदावरून वाचलं, तेही अडखळत. तुमच्या मुलानं तिला माझा नंबर दिला होता. "बाबांच्या आमदारकीतलं सगळं सुमनताईलाच माहीत," असं तो म्हणाला म्हणे. मग मोबाइलवर एक तक्ता आला, तो मी छापून घेतला. पूर्ण नाव, जन्मगाव, शिक्षण, पूर्वीचा व्यवसाय, किती वेळा निवडून आले, कोणत्या समित्यांवर होते. आणि सगळ्यात शेवटी एक मोठा रकाना, ‘इतर विशेष माहिती’.

वरचं सगळं मी चहा निवायच्या आत भरलं. पूर्वीचा व्यवसाय: एस.टी.त कंडक्टर. निवडून आले: सलग पाच वेळा. समित्या तर तोंडपाठच होत्या. पण त्या शेवटच्या रकान्यापाशी हात थांबला तो थांबलाच. तुमची तेरवी झाली तरी रकाना कोराच होता. आठ वर्षं तुमच्या ऑफिसात टाइपरायटरवर बसले, पुढची तेरा वर्षं कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहीत आले. कोऱ्या जागेची मला कधी भीती वाटली नव्हती.

दुसऱ्या कुणाच्या शोकप्रस्तावावर तुम्हाला बोलायचं असलं की भाषण मीच लिहून द्यायचे, आठवतं ना? एकदा एका सदस्याबद्दल मी ‘मनमिळाऊ’ असं लिहिलं. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलंत.

"हा तं भर सभागृहात माह्या अंगावर धावून आला होता. मेल्यावर सगळेच मनमिळाऊ काहून होतात वं?"

"मग काय लिहू? भांडखोर?"

"तसं बी नोको. पन मी गेलो तं मनमिळाऊ लिहू नोको. लोकं हासतीन."

नाही लिहिलं, भाऊ. पण मग काय लिहायचं, तेही सांगून जायचं होतं.

तुम्ही गेलात त्या दुपारी मी टेबलावर होते. समोर एक बाई बसली होती, मेडशीच्या बाजूची. सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव चुकलेलं, ते दुरुस्त करून हवं होतं. अर्ध्या अर्जात फोन वाजला आणि तुमच्या मुलानं सांगितलं. मी फोन ठेवला आणि अर्ज पुरा केला. ‘आपली विश्वासू’पर्यंत. तिला चारची गाडी पकडायची होती. अर्ध्यावर सोडून उठले असते तर तुम्हीच ओरडला असतात. ती गेली, मग टेबलावर डोकं ठेवून रडले. शेजारचा झेरॉक्सवाला घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन आला.

आपली ओळखही अर्जापासूनच. मी तेव्हा एकवीस वर्षांची, टायपिंगची परीक्षा नुकतीच पास झालेली. आमची वस्ती मेडशीपासून पाच किलोमीटर आत, मध्ये नाला. वस्तीतली शाळा सातवीपर्यंत. माझी धाकटी बहीण कुंदा सातवी झाली होती, वर्गात पहिली. पुढची शाळा मेडशीला, तिथं जायला गाडी नव्हती. बाबांनी वस्तीतल्या पंचवीस-तीस जणांचे सह्या-अंगठे गोळा केले, मी अर्ज टाइप केला आणि बाजाराच्या दिवशी आम्ही बाप-लेक रिसोडला आलो, तुमच्या ऑफिसात. तुम्ही अर्ज वाचलात. एकदा वाचलात, मग पुन्हा.

"हे टाइप कोनं केलं?"

"मी केलं," मी म्हणाले.

"एक बी खाडाखोड नाई." तुम्ही बाबांकडे वळलात. "पोरगी उद्यापासून कामावर येईन काय?"

बाबा घाबरले. म्हणाले, "साहेब, आमी गाडीसाठी आलो होतो."

"गाडीचं पत्र देतो ना. गाडी बी येईन, पोरगी बी येईन."

तुम्ही आगाराच्या नावानं पत्र दिलंत, खाली सही ठोकलीत. एक प्रत आगाराला, एक आम्हाला. ती बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवली, जयंतीला नेसायच्या पांढऱ्या धोतराच्या घडीत. दुसऱ्या दिवसापासून मी रिसोडला राहून तुमच्याकडे कामाला लागले आणि कुंदा गाडीची वाट पाहू लागली.

कामाला लागले तेव्हा मला वाटलं होतं, वस्तीतली पोरगी म्हणून कोपऱ्यात बसवतील. पहिल्याच महिन्यात एक कंत्राटदार आला, माझ्याकडे न पाहता म्हणाला, "बाई, चहा सांगा." तुम्ही खुर्चीवरून उठलात. म्हणालात, "ती कागद पाहते. चहा मी पाहतो." आणि खरंच बाहेर जाऊन टपरीवरून तीन कप चहा घेऊन आलात. एक कप माझ्यापुढे ठेवलात. त्या कंत्राटदारानं पुन्हा कधी माझ्याशी बसून बोलायची हिंमत केली नाही, उभा राहूनच बोलायचा. त्या एका चहावर मी आठ वर्षं तुमच्याकडे काढली असती. काढलीच.

तुमच्याकडून कुणी रिकाम्या हातानं जात नसे. बदली हवी, विहीर हवी, पोराला नोकरी हवी, भावकीचं भांडण मिटवून हवं, सगळ्यांना पत्र. दारात चपलांचा ढीग आणि माझ्या टाइपरायटरला दम नाही. लोक पत्र कपाळाला लावून जायचे. काही कामं व्हायची, बरीच व्हायची नाहीत. मला वाटायचं, सरकार आहे, चालायचंच. सहीखाली तुम्ही कधी एक रेघ ओढायचात, कधी दोन. मला वाटायचं, हाताची सवय.

पाचव्या वेळेला निवडून आलात आणि दोन-तीन वर्षांत तुमचा उजवा हात थरथरायला लागला. चहाचा कप बशीत वाजायचा. लोकांसमोर तुम्ही हात मांडीखाली दाबून बसायचात. मग एका सकाळी, ऑफिस उघडायच्या आधी, तुम्ही मला आत बोलावलंत आणि दार लोटून घेतलंत.

"सुमन, आजपासून सही तू कर. माह्यासारखीच येते तुले, मी पाह्यलं आहे."

खोटं कशाला बोलू, कागदाच्या कोपऱ्यावर तुमची सही गिरवायचा मला नादच होता.

"पन रेघा मले इचारून मारत जाय."

"कोणत्या रेघा?"

तुम्ही हसलात. चोरी पकडल्यासारखं हसलात. "गाडीत घंटी कशी मारते कंडक्टर? एक मारली तं डायवर काय करते?"

"थांबवते."

"दोन मारल्या तं?"

"चालू करते."

"तेच. सहीखाली दोन रेघा असल्या तं काम करा. एक असली तं पत्र ठेवून घ्या. साहेब लोकाइले ठाऊक आहे."

मी विचारलं, ज्यांना एक रेघ मिळते त्यांना ठाऊक आहे का? तुम्ही खिडकीबाहेर पाहिलंत. म्हणालात, "त्याइले सांगून कायले दुखवायचं?"

भाऊ, त्या दिवशी मी मान हलवून बाहेर आले. लोकांना रांगेत बसवलं. दुपारी तुम्ही जेवायला घरी गेलात तेव्हा मागच्या खोलीतल्या कपाटातून सहा वर्षांपूर्वीची फाइल काढली. आमच्या वस्तीच्या गाडीचं पत्र. एक रेघ होती. बाबांच्या पेटीतल्या प्रतीवरही एकच होती, ती मी शंभरदा पाहिली होती.

तोवर कुंदा लग्न होऊन रिठदला गेली होती. दोन वर्षं तिनं गाडीची वाट पाहिली, मग आईबरोबर निंदायला जाऊ लागली. पुढच्या शाळेचं तोंडही तिनं पाहिलं नाही. आणि मी, तिची मोठी बहीण, त्याच पत्राच्या पायी नोकरीला लागून रोज इस्त्रीची साडी नेसून ऑफिसात येत होते.

मी तुम्हाला विचारायला हवं होतं. तेव्हाच, जेवून आल्या आल्या, फाइल पुढ्यात टाकून. तुम्ही म्हणाला असतात, तेव्हा आगारात गाडीच नव्हती. कदाचित ते खरंही असतं. पण मी विचारलं नाही. माझा राग फार शहाणा झाला होता, त्यानं वेगळीच वाट काढली.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ज्याला एक सांगायचात त्यालाही मी दोन मारल्या. बदलीला दोन, विहिरीला दोन, ज्याला कामधंदा नव्हता आणि दर आठवड्याला येऊन पत्र मागायचा, त्यालाही दोन. तुम्हाला चष्म्यातूनही धड दिसत नव्हतं. एकही माणूस आता एका रेघेवर वाट पाहणार नाही, असं मी मनाशी म्हणायचे. मोठा न्याय करतेय असं वाटायचं. वस्तीच्या गाडीचंही मी नवं पत्र टाइप केलं आणि त्याखाली दोन रेघा इतक्या जोरात ओढल्या की कागद फाटता फाटता राहिला. दोन महिन्यांत गाडी सुरू झाली. सकाळची एक, संध्याकाळची एक. पहिल्या दिवशी बाबांनी गाडीला हार घातला. मी गेले नाही. काम आहे म्हणून सांगितलं.

त्यानंतर चार-सहा महिने कामं धडाधड झाली. मग हळूहळू सगळीच थांबली. कचेऱ्यांत तुमच्या पत्रांचे गठ्ठे साचायला लागले. सगळ्यांवरच दोन रेघा म्हटल्यावर आधी कोणतं उचलायचं, कुणालाच कळेना. साऱ्या गाडीनं एकदम घंटी ओढली तर ड्रायव्हरनं करावं तरी काय? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. गयाबाईचं रेशनकार्ड त्यातच अडकलं. नवरा वारला, कार्डावरून हिचंही नाव गेलं. एरवी तुमच्या दोन रेघांनी ते आठ दिवसांत झालं असतं. तिची फाइल पावसाळाभर पडून राहिली, हिवाळाभर पडून राहिली. ती यायची, दाराशी बसायची. मी तिला दर वेळी नवं पत्र द्यायचे. दोन रेघांचं. शेवटी मी स्वतः चार दिवस कचेरीत बसून तिचं काम करून घेतलं, तेव्हा ती माझ्या पायाला हात लावायला वाकली. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली.

सहाव्या निवडणुकीत तुम्ही पडलात. मोजणी दुपारीच आटोपली. कार्यकर्ते दुसऱ्या मंडपाकडे गेले, एवढ्या लवकर की त्यांच्या अर्ध्या खाल्लेल्या पोह्यांच्या प्लेटा आपल्या ओट्यावर तशाच होत्या. तुम्ही आत खुर्चीत बसलात. हात मांडीखाली दाबला नव्हता, तसाच थरथरत होता. मी पाणी दिलं.

"सुमन, माह्या पत्राले वजन नाई राह्यलं वं," तुम्ही म्हणालात. "काय झालं काय मालूम. पंचवीस वर्षांत असं नोतं झालं. लोकं इसरले मले."

मला माहीत होतं काय झालं. मी प्लेटा गोळा करायला बाहेर आले. किती तरी वेळ प्लेटा धूत बसले.

पुढची तेरा वर्षं तुम्हाला वाटत राहिलं की लोक विसरले, आणि मी वाटू दिलं. हे माझं खरं पाप आहे, भाऊ. रेघा मी रागात मारल्या, त्याची मला फारशी लाज वाटत नाही. गप्प राहिले, त्याची वाटते.

पण ती वर्षं चांगली होती, हेही सांगते. माजी आमदाराला एस.टी.चा पास असतो, सोबत एक माणूस फुकट. तुम्हाला एकट्याला सोडायला वहिनी तयार नसायच्या, म्हणून रविवारी मी सोबत. कधी रिठद, कधी मेडशी, काही काम नाही, नुसतं फिरून यायचं. आमदारांसाठी राखीव सीट असायची, तिच्यावर तुम्ही एकदाही बसला नाहीत. कुणीतरी लेकुरवाळी चढली की तिला तिथं बसवायचात आणि स्वतः मागं, दाराजवळ, कंडक्टरच्या जागेपाशी. नव्या पोरगेल्या कंडक्टरला शिकवायचात, "डबल बेल मारायच्या आंधी मांगे पाह्यत जाय. कोनी पायरीवर असते." त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक, हे कोण. एकानं तर सरळ सांगितलं, "आजोबा, तुमी बसा ना चुपचाप." तुम्ही दिवसभर हसत होतात.

आणि त्या गाडीतच आपलं भांडण चालायचं. दर रविवारी तेच भांडण.

"लोकांना तोंडावर नाही म्हणायला हवं होतं तुम्ही," मी म्हणायचे.

"नाई म्हटलं तं मानूस रडत जाते वं. पत्र घेतलं तं हासत जाते."

"आणि मग वर्षभर वाट पाहते."

"पाह्यते तं पाह्यते. आस तं राह्यते ना त्याले. गाडी येनार नाई असं ठाऊक झालं तं स्टँडवर कोनी बसन काय?"

"नाही बसणार. उठून दुसरीकडे जाईल. तेच म्हणतेय मी."

मग तुम्ही म्हणायचात, "तुले नाई समजत. तू कधी निवडून नाई आली." मी म्हणायचे, "आणि तुम्ही कधी वाट पाहिली नाही." यानंतर एखादं गाव येईपर्यंत आपण बोलायचो नाही. मग तुम्ही खिशातून फुटाण्याची पुडी काढून पुढं करायचात. कुंदाचं नाव मी एकदाही काढलं नाही. ते काढलं असतं तर माझ्या रेघाही निघाल्या असत्या. तुम्हीही कधी विचारलं नाही, की ही बाई एवढी चिडून कोणाच्या वतीनं भांडते.

शेवटी भेटले ते तुम्ही जायच्या आठ दिवस आधी. अंगणात खाट टाकली होती, ऊन पायावर आलं होतं. जीभ जड झालेली, शब्द उशिरा यायचे. मी हात धरून बसले, तो थरथरणारा हात. आता तो इतका हलका झाला होता की थरथर माझ्याच हातात आल्यासारखी वाटत होती. तुम्ही एकाएकी म्हणालात, "गयाबाईचं कार्ड झालं होतं काय वं?"

एवढ्या हजार माणसांतून गयाबाईच कशी आठवली? म्हणाले, "झालं होतं, भाऊ. मी करून घेतलं."

तुम्ही मान हलवलीत. मला वाटलं, आता सांगावं. ओठावर आलं होतं. तेवढ्यात वहिनी औषध घेऊन आल्या, तुम्ही तोंड वाकडं केलंत, त्या रागावल्या, मी हसले. आणि वेळ निघून गेली. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू.

तेरवीला पुंडलिकबाबू आले होते. पूर्वी कचेरीत होते, तुमची पत्रं आधी त्यांच्याच टेबलावर जायची. आता रिटायर झालेत, काठी घेऊन चालतात. जेवणं झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसले.

"सुमनताई, तुमी लय तरास देला बावा आमाले त्या दोन वर्षांत."

"कसला त्रास, बाबूजी?"

"रेघाइचा."

त्यांना ठाऊक होतं. ते सांगत होते, "मीच भाऊले तवाच फोन केला होता. म्हटलं, भाऊ, सगळ्याच पत्रावर दोन रेघा येऊन राह्यल्या. हात थरथरते म्हनून चुकून होत असन. भाऊनं ऐकून घेतलं. मंग म्हने, चूक नाई. सुमननं मारल्या असतीन. दोन हायेत तं दोन समजा."

"असं म्हणाले?"

"हो ना. मी म्हटलं, भाऊ, येवढी कामं कशी होतीन? तं म्हने, होत नसतीन तं तुमी त्या लोकाइले नाई म्हना, पुंडलिक. माह्याच्यानं तं जल्मभर झालं नाई."

बाबूजी हसले. मला हसता आलं नाही. भोवती पत्रावळी उचलणं चाललं होतं, कुणीतरी मला पान देत होतं, मी ते हातात धरून बसले होते.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं, भाऊ. पडलात त्या दुपारी माहीत होतं. ‘काय झालं काय मालूम’ हे तुम्ही मला म्हणालात, माझ्या तोंडाकडे पाहत. मी सांगेन म्हणून वाट पाहत होतात का? आणि मग तेरा वर्षं, दर रविवारी, फुटाणे पुढं करत, वाट पाहत होतात? मी म्हणायचे, तुम्ही कधी वाट पाहिली नाही. केवढं बोलत होते मी.

एका शब्दानं मला बाहेर काढता आलं असतं. सही दुसऱ्याकडे देता आली असती. त्याऐवजी माझ्या रेघांना तुम्ही स्वतःच्या म्हणालात आणि निवडणूक हरलात. मलाही नाही म्हणता आलं नाही तुम्हाला.

मला जिवंत माणसाजवळ बोलायचं होतं. दुसऱ्या दिवशी गाडी धरून रिठदला गेले, कुंदाकडे. ती अंगणात सुपानं तूर पाखडत होती. तिची पोरगी सायकलवर शाळेला गेली होती. मी तिच्यापुढं बसले आणि सगळं सांगितलं. पत्र, रेघा, घंटी, फाइल, माझा राग, तुमचं गप्प राहणं. बाबांच्या पेटीतलं ते पत्र मी सोबत नेलं होतं, तेही काढून दाखवलं. सही दाखवली. तिच्याखालची एक रेघ दाखवली.

ती किती वेळ पत्राकडे पाहत होती. मला वाटलं, आता शिव्या देईल. तुम्हाला, मला, कुणाला तरी.

"म्हंजे गाडी येनारच नोती," ती म्हणाली.

"नाही."

"अन् बाबा रोज म्हने, पत्र आहे आपल्याजोळ, गाडी येईन, थांब जरा. पोरीनं नाल्यातून कायले जा लागते?" तिनं सूप बाजूला ठेवलं. "ताई, मले तवाच नाई म्हटलं असतं ना कोनी, तं मी पायी गेली असती."

तिनं पदरानं हात पुसले.

"पाच किलोमीटर काय आहे वं? आता वावरात जातो तं रोज तेवढं चालतो." मग तिनं पत्राची घडी घातली, होती तशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "जाऊ दे. भाऊ चांगला मानूस होता. तुले नोकरी देली त्यानं." आणि पुन्हा सूप उचललं.

येताना गाडीत मी दाराजवळ बसले, तुमच्या जागी. तेरा वर्षांचं आपलं भांडण कुंदानं एका वाक्यात संपवलं, आणि ते ऐकायला तुम्ही नव्हतात. तुम्ही हरलात, भाऊ. मला हे तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. तुम्ही गप्प झाला असतात, बाहेर पाहिलं असतंत, पुढचं गाव येईपर्यंत बोलला नसतात, आणि मग खिशात हात घातला असता. मला जिंकायचं नव्हतं. मला तो खिशात गेलेला हात पाहायचा होता.

घरी आले आणि तो रकाना भरला. एकच वाक्य लिहिलं. ‘त्यांना कुणाला नाही म्हणता येत नसे.’ खाली माझी सही केली, माझ्या नावाची, आणि फोटो काढून पाठवून दिलं.

आज सकाळी त्या मुलीचा पुन्हा फोन आला. आवाज गोड होता, कामसू होती बिचारी. माहिती छान मिळाली म्हणाली. मग जरा चाचरली. "ताई, ते शेवटचं वाक्य जरा वेगळं वाटतंय. सभागृहात वाचायचं म्हणजे... ते काढून तिथं ‘मनमिळाऊ स्वभावाचे होते’ असं केलं, तर चालेल ना?"

समोर अर्जाला दोघं जण बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात आधी तुमचंच उत्तर आलं, भाऊ. पाहू, बघा तुम्हाला जमेल तसं, काही हरकत नाही. तिला बरं वाटलं असतं, तिनं आभार मानले असते.

मी म्हणाले, "नाही."